एका स्टिकरची गोष्ट

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला गेलो होतो. फराळ, तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळ्यावर एक चक्कर आणि उरलेला वेळ झोपा, एवढाच कार्यक्रम डोक्यात होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आईने मला माडीवर बोलावलं आणि दार लोटून घेतलं. म्हटलं, झालं, आता लग्नाचा विषय निघणार. पण विषय वेगळाच होता.

"मावशीला एका बाजूला सूज आलीय. दोन महिने झाले. मला काल सांगितलं. तू जरा बघ की काय असतंय ते."

मावशीला २०१२ साली स्तनाचा कॅन्सर झाला होता. पुण्यात ऑपरेशन झालं आणि काढलेल्या स्तनाच्या जागी सिलिकॉनचा इम्प्लांट बसवला गेला. मी तेव्हा शाळेत होतो. घरात या सगळ्याचा उल्लेख 'मावशीचं ऑपरेशन' एवढाच व्हायचा. कुठलं, कशाचं, कोणी बोलायचं नाही, आम्ही विचारायचो नाही. बारा वर्षं सगळं ठीक होतं आणि आता ही सूज. बाईने दोन महिने कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीला इथल्याच एका सर्जनकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "इम्प्लांट कोणत्या कंपनीचा? कार्ड आहे का?"

आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

डॉक्टरांना कंपनीचं नाव का हवं होतं, हे शोधायला मी बसलो आणि पुढचे तीन-चार वीकांत त्यातच गेले. जे सापडलं ते हे. (मी डॉक्टर नाही, आयटी हमाल आहे. तेव्हा हा लेख वाचून घरच्या घरी निदान करू नये. निदान डॉक्टरकडे जावं, एवढंच. कोटी चालून गेली असेल तर पुढे वाचा.)

स्तनाचा आकार वाढवण्याचे किंवा परत मिळवण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चालू आहेत. आधी पॅराफिनचं मेण टोचलं गेलं. ते शरीरात सरकायचं, त्याच्या गाठी व्हायच्या, जखमा व्हायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पातळ सिलिकॉन टोचायची पद्धत निघाली, तिचीही तीच गत झाली. मग १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन इथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या दोन सर्जननी सिलिकॉनचा जेल सिलिकॉनच्याच पिशवीत बंद केला. आधी एस्मेराल्डा नावाच्या कुत्रीवर प्रयोग झाला आणि मग टिमी जीन लिंडसे या सहा मुलांच्या आईवर. ती बाई दवाखान्यात गेली होती ती अंगावरचं गोंदण काढून घ्यायला. डॉक्टरांनी विचारलं, हे करून बघणार का? तिला खरं तर कान नीट करून हवे होते. दोन्ही करू, असं ठरलं आणि ती जगातली पहिली सिलिकॉन इम्प्लांटवाली बाई झाली.

आता गंमत बघा. एक कुत्री, मग एक बाई आणि तिथून थेट बाजार. आमच्याकडे साधं लॉगिनचं पान बदललं तरी तीन ठिकाणी टेस्टिंग होतं. अमेरिकेत शरीरात बसवायच्या उपकरणांवर कायदा आला तोच मुळी १९७६ साली. त्याच्या आधीपासून बाजारात असलेली उपकरणं 'जुनी आहेत' म्हणून पुढे चालू राहिली. इम्प्लांट त्यातच बसले. सुरक्षित असल्याचा पुरावा कंपन्यांना मागितला गेला तो १९९१ साली. म्हणजे पहिल्या ऑपरेशननंतर तब्बल २९ वर्षांनी!

या २९ वर्षांत बायकांना काही त्रास झालाच नाही का? झाला. आणि डॉक्टरांना तो दिसतही होता. सगळ्यात नेहमीचा त्रास म्हणजे इम्प्लांट कडक होणं. आपलं शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती व्रणाच्या पेशींची भिंत बांधतं. ही भिंत, म्हणजे कॅप्सूल, प्रत्येकीत तयार होते आणि बहुतेकींना काही त्रास देत नाही. पण काहींमध्ये ती आवळत जाते. स्तन कडक होतो, आकार बिघडतो, दुखायला लागतं. कॅन्सरनंतर रेडिएशन घेतलेल्या बायकांमध्ये हे जास्त होतं. याच्या चार पायऱ्या १९७५ साली बेकर नावाच्या सर्जनने ठरवल्या आणि आजही डॉक्टर त्याच वापरतात. पहिलीत काहीच जाणवत नाही, चौथीत दुखतं.

आणि उपाय काय होता? १९७० च्या दशकात डॉक्टर चक्क दोन्ही हातांनी स्तन जोरात दाबायचे, बाहेरूनच, आतलं आवरण फुटेपर्यंत. काही वेळा आवरणाबरोबर इम्प्लांटही फुटायचा. म्हणजे एक त्रास बरा करताना दुसरा तयार. पुढे ही पद्धत बंद पडली. आता आवळलेलं आवरण ऑपरेशन करून मोकळं करतात किंवा काढून टाकतात आणि गरज असेल तर इम्प्लांट बदलतात.

दुसरा त्रास फुटण्याचा. सलाइनचा इम्प्लांट फुटला की दोन-चार दिवसांत कळतं, कारण पाणी शोषलं जातं आणि स्तन बसतो. सिलिकॉनचं तसं नाही. जेल जागच्या जागी राहतो आणि बाईला पत्ताच लागत नाही. याला डॉक्टर 'मूक' फुटणं म्हणतात. ते एमआरआयवर दिसतं, चांगल्या हाताने केलेल्या सोनोग्राफीतही बऱ्याचदा दिसतं. फुटलेला इम्प्लांट साधारणपणे काढतात.

जेल न फुटताही झिरपतो हे कंपनीला माहीत होतं. डाऊ कॉर्निंग ही सिलिकॉनची मोठी कंपनी. तिच्या विक्रेत्यांना १९७५ साली आतून सूचना गेली होती की डॉक्टरांना दाखवायचे नमुने हाताळून तेलकट होतात, तेव्हा दाखवण्याआधी ते साबणाने धुऊन पुसून घ्या. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून जरा चहा प्यायलो.

असली कागदपत्रं कोर्टात आली आणि वातावरण पेटलं. १९८४ साली मारिया स्टर्न आणि १९९१ साली मॅरिॲन हॉपकिन्स या दोघींनी डाऊ कॉर्निंगविरुद्ध खटले जिंकले. हॉपकिन्सला तर ७३ लाख डॉलर मंजूर झाले. १९९२ साली अमेरिकेच्या एफडीएचे प्रमुख डेव्हिड केसलर यांनी सिलिकॉन इम्प्लांटवर निर्बंध आणले. कॅन्सरनंतरच्या बायकांना ते फक्त अभ्यासाचा भाग म्हणून मिळू लागले. हजारो दावे अंगावर घेऊन डाऊ कॉर्निंगने १९९५ साली दिवाळखोरी जाहीर केली.

इथपर्यंत ही सरळ 'दुष्ट कंपनी, बिचाऱ्या बायका' अशी गोष्ट वाटते. मलाही वाटली. पण पुढे ती वळण घेते. खटल्यांमध्ये मुख्य आरोप होता की सिलिकॉनमुळे संधिवातासारखे सगळ्या शरीराचे आजार होतात. १९९४ साली मेयो क्लिनिकने इम्प्लांट असलेल्या ७४९ बायकांची, इम्प्लांट नसलेल्या बायकांशी तुलना केली. त्यात असा संबंध सापडला नाही. १९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने उपलब्ध संशोधन चाळून तोच निष्कर्ष काढला. मात्र त्याच अहवालाने हेही ठासून सांगितलं की आवळणं, फुटणं, जंतुसंसर्ग, पुन्हा ऑपरेशन लागणं हे जागेवरचे त्रास खरे आहेत आणि भरपूर आहेत.

म्हणजे तीस वर्षं सगळे भांडत राहिले आणि कुणाच्याच हातात नीट आकडे नव्हते. कंपनीकडे नव्हते, सरकारकडे नव्हते, फिर्यादी बायकांच्या वकिलांकडेही नव्हते. कारण कुणी मोजलंच नव्हतं! आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम तीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये आणि लॉगिंग बंद.

२००६ साली अमेरिकेने सिलिकॉन इम्प्लांटला पुन्हा परवानगी दिली, पण अट घातली की हजारो बायकांचा दहा वर्षं पाठपुरावा करायचा. तोही अर्धवटच झाला. २०११ च्या एफडीए अहवालात एका मोठ्या कंपनीकडे तीन वर्षांनंतर फक्त २१ टक्के बायकांची माहिती उरली होती.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये पीआयपी प्रकरण बाहेर आलं. या कंपनीचे इम्प्लांट जास्त फुटतात असं तिथल्या सर्जनना दिसत होतं. मार्च २०१० मध्ये तपासणी झाली तेव्हा कळलं की ही मंडळी मान्यता नसलेला, औद्योगिक वापराचा स्वस्त सिलिकॉन भरत होती. तोवर जगभरात सुमारे ३ लाख बायकांच्या शरीरात तो गेला होता. मालक जाँ-क्लोद मास याला २०१३ साली चार वर्षांची शिक्षा झाली. पण बायकांसमोर प्रश्न एकच होता, माझ्यात कोणता बसवलाय?

आता आमच्या डॉक्टरांच्या प्रश्नाकडे येतो. १९९७ साली इम्प्लांटभोवती वाढलेल्या एका विचित्र कॅन्सरची पहिली नोंद झाली. हा स्तनाचा कॅन्सर नाही. तो रोगप्रतिकारक पेशींचा लिम्फोमा आहे आणि इम्प्लांटच्या आवरणात होतो. बहुतेक वेळा ऑपरेशननंतर सरासरी सात ते दहा वर्षांनी एका बाजूला अचानक सूज येते, कारण इम्प्लांटभोवती पाणी साठतं. हा आजार इतका क्वचित होतो की एका सर्जनला उभ्या आयुष्यात कदाचित एकही रुग्ण दिसणार नाही. एखादा दिसला तरी तो म्हणेल, योगायोग. वेगवेगळ्या देशांतले योगायोग एकाच वहीत लिहिले तरच त्यात रचना दिसते. २०११ साली अशी साधारण ६० प्रकरणं माहीत होती. जुलै २०१९ पर्यंत ५७३ झाली, त्यांत ३३ मृत्यू. आणि मग दिसलं की त्यातली ४८१ प्रकरणं एकाच कंपनीच्या, ॲलर्गनच्या, इम्प्लांटशी जोडलेली होती. संशय होता तो बायोसेल नावाच्या खरखरीत पृष्ठभागाच्या प्रकारावर. २४ जुलै २०१९ रोजी ॲलर्गनने तो जगभरातून परत बोलावला.

परत बोलावला म्हणजे न विकलेला माल. ज्या बायकांना काही त्रास नाही त्यांनी काढून टाकायची गरज नाही, असंच एफडीएने सांगितलं. फक्त आपल्यात काय आहे ते माहीत असू द्या आणि सूज आली तर थांबू नका. दोन महिने थांबलेली आमची मावशी डोळ्यासमोर आली.

"पण हे सगळं अमेरिका-फ्रान्सचं झालं," असं कुणी म्हणेल. तर आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. इम्प्लांट स्तनाचा नाही, खुब्याचा आहे, पण प्रश्न हाच. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा सांधा होता. त्यात धातूवर धातू घासायचा, कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण आजूबाजूच्या मांसात आणि रक्तात जायचे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंद ठेवतात. त्या नोंदवहीत दिसलं की हा सांधा फार लवकर बदलावा लागतोय आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये तो तिथल्या बाजारातून गेला. ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला.

भारतात अशी नोंदवही नव्हती. इथे विषय लावून धरला तो महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने. महेश झगडे आयुक्त असताना मुंबईत पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला आणि २०१२ साली या सांध्याचा आयात परवाना रद्द झाला. पुढे २०१७ साली केंद्र सरकारने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०१८ साली उघड झाला. त्यात किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस होती. पण मला हादरवलं ते दुसऱ्या आकड्याने. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यातले फक्त १,०८० रुग्ण सापडले. उरलेली ३,६०० च्या वर माणसं कुठे आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. भरपाई मंजूर, पण ती घेणारा माणूसच सापडत नाही. कुठल्या तरी गावात कुणीतरी आजोबा खुबा दुखतो म्हणून तेल चोळून घेत असतील आणि 'वय झालं आता' म्हणत असतील.

मध्यंतरी काही हललं हेही खरं. शरीरात बसवायचे कृत्रिम अवयव २००५ साली भारतात पहिल्यांदा औषध कायद्याखाली आले. ६ जुलै २०१५ रोजी मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम सुरू झाला. नाव भलतंच जड आहे, पण काम सोपं. उपकरणामुळे झालेल्या त्रासाची नोंद गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे करायची. डॉक्टर करू शकतात, रुग्णही करू शकतात. मी आतापर्यंत ज्या दहा-बारा मित्रांना विचारलं त्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतंच की.

तर मावशीचं कार्ड. काकांनी माळ्यावरून फाइल काढली. चांगली चार इंच जाड. त्यात काय नव्हतं? रक्ताचे रिपोर्ट, केमोची बिलं, टॅक्सीच्या पावत्या, एक कँटीनचं बिलसुद्धा. डिस्चार्जच्या कागदावर फक्त 'सिलिकॉन इम्प्लांट बसवला' एवढी एक ओळ. पुण्याच्या त्या हॉस्पिटलात फोन केला. उत्तर मिळालं, सॉफ्टवेअर बदललं, इतकं जुनं रेकॉर्ड मिळणार नाही. ऑपरेशन करणारे डॉक्टर निवृत्त. सॉफ्टवेअर बदललं म्हणजे काय, जुना डेटा कुठे गेला, असं मी तावातावाने बोलायला लागलो आणि मग गप्प बसलो. कारण गेल्याच वर्षी आमच्या टीमने एका ग्राहकाचा डेटा नव्या सिस्टीममध्ये नेताना 'सात वर्षांपूर्वीचं कोण बघतंय' म्हणून खुशाल सोडून दिला होता. मीटिंगमध्ये मान डोलावणाऱ्यांत मीही होतो.

शेवटी स्टिकर सापडला. कुठे, माहितेय? काकांच्या मेडिक्लेमच्या झेरॉक्समध्ये. इम्प्लांटच्या डब्यावरचा स्टिकर बिलाला चिकटवल्याशिवाय विमा कंपनी पैसे देत नाही. काका बँकेत होते, कागद देताना स्वतःकडे झेरॉक्स ठेवायची त्यांची सवय. पुसट काळ्या चौकोनात कंपनीचं नाव, मॉडेल आणि सिरीयल नंबर. बाईच्या शरीरात काय आहे याची नोंद आरोग्याच्या कागदात नव्हती, पैशाच्या कागदात होती!

सुदैवाने तो परत बोलावलेल्या यादीत नव्हता. तरीही डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, साठलेलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवलं. त्यात सीडी-३० नावाची खूण शोधतात, लिम्फोमा असेल तर ती सापडते. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. रिपोर्ट चांगला आला. इम्प्लांट मात्र आत फुटलेला निघाला, कधी फुटला देव जाणे. तो काढला. "दुसरा बसवायचा का?" डॉक्टरांनी विचारलं. मावशी म्हणाली, "नको. झालं आता. आहे तशी बरी हाय मी." (लिम्फोमा असता तरी लवकर सापडल्यावर बहुतेक वेळा इम्प्लांट आणि भोवतालचं पूर्ण आवरण काढून तो बरा होतो, असं डॉक्टर नंतर म्हणाले. हे आधी सांगितलं असतं तर दोन घास गेले असते.)

परत येताना सीपीआरवरून गेलो. हे जुनं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली कोल्हापूर संस्थानाने इथल्या स्त्रियांच्या विभागासाठी आनंदीबाई जोशींची नेमणूक केली होती. अमेरिकेला जाण्याआधी त्या सांगत होत्या की इथल्या बायका पुरुष डॉक्टरला आपलं दुखणं दाखवत नाहीत, म्हणून बाई डॉक्टर हवी. त्या नोकरीवर रुजू व्हायच्या आधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. आता कोल्हापुरात बाई डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. तरी आमची मावशी दोन महिने गप्प बसली आणि आम्ही बारा वर्षं 'मावशीचं ऑपरेशन' म्हणत राहिलो. नोंद फक्त हॉस्पिटलनेच पुसली असं नाही, घरानेही कधी केलीच नव्हती.

असो. तर मंडळी, एक काम करा. घरात कुणाला इम्प्लांट असेल, स्तनाचा, खुब्याचा, गुडघ्याचा, हृदयातला स्टेंट, काहीही, तर या रविवारी फाइल काढा. स्टिकर शोधा, फोटो काढा, घरच्या दोघा-तिघांकडे ठेवा. ऑपरेशन व्हायचं असेल तर कार्ड मागून घ्या, लाजू नका. स्तनाचा इम्प्लांट असेल तर मॅमोग्राफीच्या वेळी आधी सांगा, कारण फोटो वेगळ्या पद्धतीने काढावे लागतात. अमेरिकेची एफडीए सांगते की सिलिकॉन असेल तर त्रास नसतानाही पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप, लाली, गरमपणा, आणि नंतर कधीही नवी सूज, गाठ, कडकपणा, आकारात बदल दिसला तर सरळ डॉक्टरकडे.

आणि दोन महिने थांबायचं नाही. परवा मावशीचा फोन आला होता. शेजारच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. मावशी म्हणाली, "मी तिला सांगून ठेवलंय, स्टिकर मागून घे म्हणून."